एक्स-15ए-2 चा जळालेला पायलन: शॉकवर शॉक आदळतो तेव्हा

3 ऑक्टोबर 1967 रोजी अमेरिकेच्या एक्स-15ए-2 या रॉकेट विमानाने मॅक 6.70, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या 6.70 पट, ताशी सुमारे 7,270 किलोमीटर, इतका वेग गाठला. वैमानिक होते विल्यम ‘पीट’ नाइट. उंची सुमारे 31 किलोमीटर होती. पंख असलेल्या, माणूस चालवत असलेल्या विमानाचा तेव्हाचा हा विक्रमी वेग होता. विमान एडवर्ड्स तळावर सुखरूप उतरले, पण पोटाखाली जोडलेला नकली रॅमजेट (समोरून वेगाने येणारी हवा त्याच वेगाने दाबून घेणारे जेट इंजिन) परत आलाच नाही. तो धरून ठेवणाऱ्या पायलनच्या पुढच्या कडेला आणि बाजूला आरपार भोके पडली होती. आतली यंत्रणा भाजली होती. टाक्यांत उरलेले इंधन बाहेर टाकून देणेही नाइट यांना जमले नाही, त्यामुळे विमान नेहमीपेक्षा जड अवस्थेत उतरवावे लागले. हे विमान त्यानंतर पुन्हा कधी उडाले नाही.

पायलनचा सांगाडा इन्कोनेल-एक्स या निकेलच्या मिश्रधातूचा होता. हा धातू साधारण 1,390 अंश सेल्सियसला वितळायला लागतो. त्यावर ॲब्लेटरचा थरही होता. हा थर स्वतः जळत, झिजत जातो आणि उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. बाकीच्या विमानावर ॲब्लेटर बराच झिजला, पण खालचा धातू शाबूत राहिला. फक्त पायलनवर, तेही ठरावीक पट्ट्यांत, तो पूर्ण उडाला आणि धातू वितळला. उष्णता सगळीकडे सारखी वाढली असती तर नुकसान असे जागा निवडून झाले नसते.

विमानाची रचना

हे मूळचे एक्स-15 मालिकेतले दुसरे विमान. नोव्हेंबर 1962 मध्ये नेवाडातल्या मड लेकवर आणीबाणीत उतरताना ते मोडले. पुन्हा बांधताना त्याची लांबी वाढवली, जास्तीच्या इंधनासाठी बाहेरून टाकून देता येणाऱ्या दोन टाक्या जोडल्या आणि नाव ए-2 झाले. हायड्रोजनवर चालणारे हायपरसॉनिक (मॅक 5 च्या वरच्या वेगाचे) रॅमजेट प्रत्यक्ष उड्डाणात तपासायचे होते. खरे इंजिन तयार होईपर्यंत त्याच मापाचा, शंकूच्या आकाराचे नाक असलेला नकली रॅमजेट शेपटीकडच्या खालच्या उभ्या पंखाच्या बुंध्याला लटकवला गेला. हा बुंधा म्हणजेच इथला पायलन.

तपासाच्या दृष्टीने आधीची दोन उड्डाणे महत्त्वाची आहेत. 18 नोव्हेंबर 1966 ला हेच विमान मॅक 6.33 पर्यंत गेले होते, पण रॅमजेटशिवाय. 21 ऑगस्ट 1967 ला रॅमजेट आणि पूर्ण ॲब्लेटर होता, पण वेग मॅक 4.94 च्या आसपासच राहिला. म्हणजे वेग वेगळा तपासला गेला होता आणि रॅमजेटही वेगळा तपासला गेला होता. दोन्ही एकत्र आले ते 3 ऑक्टोबरलाच.

एका शॉकपुरते गणित

31 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे 1 किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका, आणि तापमान 227 केल्विनच्या जवळपास असते. तिथे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 302 मीटर, म्हणून मॅक 6.7 म्हणजे सेकंदाला सुमारे 2,025 मीटर.

आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या वस्तूपुढे हवा अचानक दाबली जाऊन जो पातळ थर बनतो तो शॉक. बोथट कडेसमोर तो सुटा, धनुष्यासारखा वाकलेला उभा राहतो. कडेच्या अगदी समोर तो प्रवाहाला काटकोनात असतो, म्हणजे लंब शॉक. तो ओलांडल्यावर आणि नंतर कडेवर येऊन थांबल्यावर हवेचा दाब मूळ दाबाच्या सुमारे 58 पट होतो. आकडा मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात तो 59 किलोपास्कलच आहे. जमिनीवरच्या वातावरणापेक्षाही कमी. दाबाने पायलन मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

तापमानाची गोष्ट वेगळी. शॉक ओलांडताना हवेची एकूण एन्थाल्पी (उष्णतेची आणि गतीची मिळून ऊर्जा) बदलत नाही. ती इथे किलोमागे सुमारे 2.28 मेगाज्यूल भरते. आदर्श वायूचे सूत्र यावरून एकूण तापमान, म्हणजे हवा पूर्ण थांबल्यावरचे तापमान, 2,265 केल्विन सांगते, पण इतक्या उष्णतेला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू कंप पावू लागतात व ऊर्जेचा वाटा खातात. हवेच्या खऱ्या तक्त्यांतून आकडा 2,020 केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे 1,750 अंश सेल्सियस, येतो. हायपरसॉनिक हिशेबात 1.4 हा स्थिरांक (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर) डोळे मिटून वापरला की दाब जवळपास बरोबर येतो, पण तापमान दोनअडीचशे अंशांनी चुकते. धातू वितळेल की नाही हे ठरवताना एवढी चूक चालत नाही.

ऑगस्टच्या उड्डाणाला हाच हिशेब लावला तर मॅक 4.94 ला एकूण तापमान 1,235 केल्विनच्या जवळपास, म्हणजे 960 अंश सेल्सियस, येते. इन्कोनेल वितळायला लागते 1,390 ला. म्हणजे ऑगस्टमध्ये उष्णता पोचण्याचा दर दसपट असता तरी हवेने धातू वितळवणे शक्यच नव्हते, कारण हवा स्वतःच्या एकूण तापमानापेक्षा जास्त गरम पृष्ठभाग करू शकत नाही. शॉकची टक्कर हा दर वाढवते, तापमानाची कमाल मर्यादा वाढवत नाही. ती मर्यादा वितळणबिंदूच्या वर सरकते ती या उंचीवर साधारण मॅक 6 च्या जवळ. त्याखालचे कितीही उड्डाण ‘ठीक’ गेले तरी पायलन वितळणार नाही, याचा पुरावा त्यातून मिळत नव्हता. ऑगस्टमध्ये फार तर ॲब्लेटरची झीज दिसली असती, भोक नाही.

उलट बाजूने पाहू. नोव्हेंबर 1966 च्या उड्डाणात वेग या सीमेच्या वर होता, पण रॅमजेट नव्हता. रॅमजेटचे नाक नाही म्हणजे तिथून सुटणारा शॉक नाही आणि पायलनवर टक्करही नाही.

दुसरा शॉक कुठून आला

रॅमजेटच्या शंकूच्या टोकापासून एक तिरकस शॉक सुटतो आणि मागे-वर पसरत जातो. पायलन त्याच्या वाटेतच उभा. पायलनच्या कडेसमोर स्वतःचा धनुष्य-शॉक आहेच. रॅमजेटकडून आलेला शॉक या धनुष्य-शॉकवर येऊन आदळतो.

असे दोन शॉक भेटले की पुढे काय होते, याची पद्धतशीर वर्गवारी स्वीडनमध्ये बॅरी एडनी यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केली. प्रकार सहा. कोणता प्रकार घडेल हे प्रामुख्याने आलेला शॉक धनुष्य-शॉकच्या कोणत्या भागावर आदळतो यावर ठरते. शॉक जिथे खूप कललेला आहे आणि मागचा प्रवाह आवाजापेक्षा वेगवानच राहतो, तिथे भेट झाली तर त्या मानाने सौम्य प्रकार होतात. दोन्ही शॉक एकाच बाजूला कललेले असतील तर ते मिळून एक जास्त तीव्र शॉक बनतो आणि भेटीच्या बिंदूतून एक एक्सपान्शन फॅन, म्हणजे हवा पसरून वेग घेते असा पंख्याच्या आकाराचा पट्टा, सुटतो. हा सहावा प्रकार. इथे फॅन पृष्ठभागावर पोचतो तेव्हा दाब आणि उष्णता दोन्ही उतरतात, नुकसान जवळपास नाहीच.

धोका असतो तो भेट लंब भागाजवळ झाली तर. तिसऱ्या प्रकारात दोन वेगांच्या थरांमधली कातर-रेषा थेट पृष्ठभागावर येऊन चिकटते. चौथा प्रकार त्याहून वाईट. धनुष्य-शॉक मोडून दोन तिहेरी बिंदू (तीन शॉक भेटतात त्या जागा) तयार होतात आणि त्यांच्यामधून हवेचा एक अरुंद, आवाजापेक्षा वेगवान झोत आत घुसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना संथ हवा असते. झोताच्या कडांवर दाब जवळपास स्थिर राहावा लागतो, म्हणून आत शिरलेला शॉक कडेवर आदळला की एक्सपान्शन फॅन होऊन परततो, आणि फॅन समोरच्या कडेवर गेला की दाबतरंग होऊन परततो. अशी आलटून पालटून येणारी साखळी घेऊन झोत पुढे जातो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ स्वतःचा एक छोटासा लंब शॉक उभा करून धातूवर आदळतो. एक्स-15 च्या पायलनचे उदाहरण या विषयात या चौथ्या प्रकाराबरोबर कायम दिले जाते.

झोत इतका मारक का

या झोतातली हवा धातूपर्यंत एका झटक्यात थांबत नाही, टप्प्याटप्प्याने थांबते. नेमक्या याच गोष्टीने ती जास्त दाब घेऊन येते.

समजण्यासाठी साधे द्विमितीय गणित करू. शंकूऐवजी 15 अंशांचा वेज (पाचर) धरू. मॅक 6.7 ला त्याचा शॉक प्रवाहाशी सुमारे 21.9 अंशांचा कोन करतो, दाब 7.1 पट होतो आणि मॅक 4.29 वर येतो. ही हवा आता लंब शॉकमधून नेऊन थांबवली तर अंतिम दाब मूळ दाबाच्या सुमारे 172 पट भरतो. नुसत्या लंब शॉकला तो 58 पट होता. मध्ये आणखी एक 15 अंशांचा तिरकस शॉक घातला तर त्यापुढे मॅक 3.1 उरतो, आणि शेवटच्या लंब शॉकनंतर दाब पोचतो सुमारे 365 पटींवर. किलोपास्कलमध्ये मांडायचे तर 59, मग 174, मग 370.

ही जादू नाही. लंब शॉक एकूण दाबाची (हवा तोटा न होता थांबवली तर मिळेल त्या दाबाची) सर्वांत जास्त नासाडी करतो, तिरकस शॉकची मालिका तो वाचवते. वेगवान विमानांच्या इंजिनाचे हवा-प्रवेशद्वार नेमके याच तत्त्वावर बांधतात. म्हणजे पायलनसमोर योगायोगाने एक चांगले प्रवेशद्वार तयार झाले होते. फक्त त्याच्या तोंडाशी इंजिन नव्हते, धातूची कड होती.

आता उष्णता. थांबण्याच्या बिंदूवर उष्णता पोचण्याचा दर ढोबळमानाने दोन गोष्टींच्या वर्गमुळावर चालतो: तिथला दाब आणि तिथून हवा बाजूला पसरताना तिचा वेग किती झपाट्याने वाढतो. दाब सुमारे सहापट झाला, त्याचे वर्गमूळ अडीच. दुसरी गोष्ट आकारावर अवलंबून असते. साध्या कडेला कडेची त्रिज्या हे माप लागते, झोताला मात्र झोताची रुंदी. झोत त्रिज्येच्या दहाव्या भागाइतका अरुंद असेल तर वर्गमूळ 3.2 च्या आसपास. दोन्हींचा गुणाकार आठपटीच्या घरात जातो. दाब आणि अरुंदपणा या दोघांचा वाटा जवळपास सारखाच आहे हे इथे लक्षात घ्यायचे. फक्त दाबमापके पाहणारा माणूस धोका निम्म्याहून कमी मोजेल.

आकड्यांना अर्थ यावा म्हणून कडेची त्रिज्या 1 सेंटीमीटर आणि पत्रा 1 मिलिमीटर जाडीचा धरू. ही मापे पायलनची नव्हेत, हिशेबापुरती घेतलेली आहेत. टक्कर नसताना थंड कडेवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 130 वॅट पोचतात. पत्रा तापत जातो तसा हा दर घसरतो आणि वितळणबिंदूजवळ तो 30 वॅटच्या आतबाहेर उरतो. त्या तापमानाला तेवढाच धातू स्वतः 35 वॅटच्या आसपास उष्णता किरणांवाटे फेकून देतो. म्हणजे आवकेपेक्षा जावक जास्त. ॲब्लेटर संपला तरी ही कड लाल-पांढरी होईल, पण वितळणार नाही.

आता आठपट करा. थंड कडेवर 1,040 वॅट, वितळणबिंदूजवळही 230 च्या वर. जावक तीच, 35. थांबवणारे काहीच नाही. 1 मिलिमीटर पत्रा 300 केल्विनपासून तापवून पूर्ण वितळवायला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 860 ज्यूल लागतात. ॲब्लेटर गेल्यावर या दराने ते दोनअडीच सेकंदांचे काम आहे. गॅस कटरची ज्योत एकाच जागी धरून ठेवावी तसा हा प्रकार. झोत हलला नाही तर भोक, हलत राहिला तर चर.

भोक पडल्यानंतर

पायलनच्या आत दाब बाहेरच्या मोकळ्या हवेच्या जवळपास, म्हणजे 1 किलोपास्कलच्या आगेमागे धरला, आणि भोकाबाहेर किमान 59, तर गुणोत्तर इतके मोठे की भोकात प्रवाह लगेच चोक होतो, म्हणजे आवाजाच्या वेगाला अडकतो. भोकाच्या तोंडाशी मॅक 1 आणि आत शिरताच एक्सपान्शन फॅन. हवा प्रचंड पसरते, तिचा वेग वाढतो, वाहतानाचे तापमान कोसळते.

इथे फसायला होते. प्रसरणाने हवा थंड झाली, मग आतल्या नळ्या का भाजल्या? कारण फॅनमधून जाताना एकूण एन्थाल्पी तशीच राहते. थंड दिसणारा तो झोत आतल्या नळीवर किंवा बोल्टवर आदळून थांबला की पुन्हा त्याच 2,020 केल्विनकडे परततो. प्रसरणाने उष्णता नाहीशी होत नाही, तिची फक्त गतिज ऊर्जा होते. शॉक आणि फॅन यांच्यातला फरक एन्ट्रॉपीचा (परत न मिळणाऱ्या नासाडीचा) आहे, ऊर्जेचा नव्हे.

प्रमाण काढायचे तर 59 किलोपास्कलला दर चौरस सेंटीमीटर भोकातून सेकंदाला साधारण 5 ग्रॅम हवा आत जाते आणि तिच्यासोबत 10 किलोवॅट उष्णता. टपाल तिकिटाएवढ्या, चारपाच चौरस सेंटीमीटरच्या भोकातून 40 ते 50 किलोवॅट. ॲब्लेटर बाहेरून लावलेला असतो, आतल्या वायरिंगला आणि नळ्यांना त्याचा काही उपयोग नाही. म्हणून अशा प्रकरणात नुकसानाचा वेग दोन टप्प्यांत दिसतो: आधी बाहेरून हळू, आणि भोक पडल्यावर आतून झपाट्याने.

हे आधी सापडले असते का

शॉकची रेषा कुठे जाते हे कागदावर काढता येते. पण ती एक रेषा नसते, मॅकनुसार सरकते. वरच्याच 15 अंशांच्या वेजला मॅक 4.94 ला कोन 24.4 अंश येतो, 6.7 ला 21.9. टोकापासून 1 मीटर मागे शॉकची उंची पहिल्यात सुमारे 455 मिलिमीटर, दुसऱ्यात 401. पाच सेंटीमीटरहून अधिक फरक. हल्ल्याचा कोन (विमान प्रवाहाशी करते तो) बदलला की आणखी सरकते. म्हणून एका मॅकची रेषा काढून भागत नाही. संपूर्ण उड्डाणमार्गासाठी रेषांचा पट्टा काढायचा आणि तो पट्टा कडेला जिथे जिथे शिवतो तो सगळा भाग धोक्याचा समजायचा.

मोजमाप बसवताना नेहमीची चूक अंतराची. झोत कडेच्या त्रिज्येच्या दहाव्या भागाइतका असेल तर उष्णतेचे शिखर एकदोन मिलिमीटर रुंद. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) 30 मिलिमीटर अंतराने लावले तर शिखर दोन थर्मोकपलच्या मधून निसटते आणि आलेख गुळगुळीत, सुरक्षित दिसतो. वाऱ्याच्या बोगद्यात तापमानानुसार रंग बदलणारा लेप कडेवर लावला तर पट्टा डोळ्यांनी दिसतो. सोबत श्लिरेन चित्र (हवेच्या घनतेतले फरक दाखवणारे छायाचित्र) घेतले तर कोणता प्रकार घडतोय तेही कळते. संगणकीय प्रवाहगणितातही हाच मुद्दा आहे. झोताच्या रुंदीत किमान वीसेक पेशी (हिशेबासाठी पाडलेले हवेचे छोटे तुकडे) नसतील तर झोत पुसला जातो आणि शिखर निम्मे निघते. उत्तर ‘अभिसरित’, म्हणजे स्थिरावलेले, झाल्याचा संदेश मात्र येतो.

बोगद्यात आणखी एक फसवणूक. बरेच बोगदे मॅक 6 ला हवा द्रव होऊ नये एवढीच तापवतात, एकूण तापमान साधारण 500 केल्विनच्या घरात. तिथे प्रतिकृती वितळणार नाही हे उघड आहे. त्यातून घ्यायचे ते गुणोत्तर: टक्करीच्या जागचा दर भागिले टक्कर नसतानाचा दर. ते 8 आले की उड्डाणाच्या तापमानावर वेगळा हिशेब मांडायचा. अंतिम तापमान बोगद्यातून थेट उचलायचे नाही.

रचना बदलायची झाली तर हातात तीन गोष्टी असतात. एक, रॅमजेट पुढे-मागे सरकवून त्याचा शॉक पायलनच्या मुळाच्या बाहेर घालवणे. हे एका मॅकसाठी सहज जमते, पूर्ण मार्गासाठी क्वचितच. दोन, कड मागे झुकवणे. कड पुरेशी झुकली की धनुष्य-शॉक लंब राहत नाही, मागचा प्रवाह वेगवान राहतो आणि चौथा प्रकार घडायला जागाच उरत नाही. टक्कर पाचव्या-सहाव्या प्रकाराकडे ढकलली जाते, आणि सहाव्यात फॅन आपल्या बाजूने काम करतो. तिघांत हा उपाय सर्वांत खात्रीचा. तीन, कडेची त्रिज्या वाढवणे. त्याने टक्कर नसतानाचा दर घटतो, पण झोताची रुंदी आणि शॉकची जागाही बदलते, त्यामुळे फायदा कागदावर दिसतो तितका मिळत नाही. हवेची ओढ वाढते ती वेगळीच. ॲब्लेटर जाड करणे हा चौथा मार्ग सुचतो, पण आठपट दराला आठपट जाडी लावायची आणि ती कुठे लावायची हे शॉकचा पट्टा काढल्याशिवाय कळत नाही, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्याच कामावर येते.

खरे हायपरसॉनिक इंजिन एक्स-15 वर कधीच बसले नाही. त्याच्या चाचण्या पुढे जमिनीवरच्या बोगद्यांत झाल्या. तिथे ते इंजिन मधल्या स्टँडवर एकटे बसवता येते, शेजारी दुसऱ्याचा शॉक येऊन आदळायला पायलनची मोकळी कड नसते.